चाळीस यार्डांची कुळकथा

दर वर्षी फेब्रुवारी संपत आला की अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात एक चमत्कारिक दृश्य दिसतं. दीडशे किलोच्या घरात वजन असलेला, विशी नुकतीच ओलांडलेला एक पोरगा अंगाला चिकटलेल्या कपड्यांत रेषेवर ओणवा होतो. समोर अडवणारा कुणी नाही, हातात चेंडू नाही. तो एकटाच जीव खाऊन सरळ पळत सुटतो. अंतर चाळीस यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटरच्या किंचित वर. बघणारे माना खाली घालून आकडा टिपून घेतात, कारण त्या सेकंदांच्या दशांशावर पोराचे लाखो डॉलर अवलंबून असतात.

गंमत अशी की हा पोरगा लाइनमन आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये, म्हणजे लंबगोल चेंडू हातात धरून डोक्याला हेल्मेट घालून खेळतात त्या फुटबॉलमध्ये, त्याचं काम समोरच्या गड्याला छातीने रेटणं एवढंच. एका डावात तो चार-पाच पावलं सरकतो. सलग चाळीस यार्ड धावायची पाळी त्याच्यावर अख्ख्या हंगामात एखाद्या वेळी आली तर आली. मग त्याला पळवतात कशाला? आणि चाळीसच का? पन्नास का नाही?

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर आधी बाजार कसा भरू लागला ते पाहावं लागतं.

आयपीएलच्या लिलावाला सरावलेल्या आपल्याला ड्राफ्ट हा प्रकार उफराटा वाटतो. इथे बोली लागत नाही. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंना व्यावसायिक संघ पाळीपाळीने निवडतात आणि गेल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याला पहिली पाळी मिळते. नापासाला पहिला मान. ही कल्पना बर्ट बेल यांची. ते फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक, आणि १९३५ च्या हंगामात ईगल्स ११ पैकी ९ सामने हरलेले. ती कल्पना त्यांना नेमकी का सुचली असेल हे वेगळं सांगायला नको. श्रीमंत संघ चांगली पोरं पैशाने ओढून नेत होते आणि बेल यांच्या हाती चोथा उरत होता.

८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. फळ्यावर ९० नावं लिहिली होती, त्यांतली ८१ उचलली गेली. बेल यांनी पहिलं नाव घेतलं ते शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचं. हा त्या काळातला कॉलेज फुटबॉलचा तळपता तारा. त्याला अडवताना मिशिगनच्या एका खेळाडूच्या डाव्या डोळ्याखाली कायमचा व्रण उठला होता. तो खेळाडू म्हणजे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड. बरवँगर मात्र व्यावसायिक फुटबॉल एक दिवसही खेळला नाही. पैशाचं जमेना, तेव्हा त्याने सरळ नोकरी धरली. पारखीच्या या सगळ्या इतिहासातली पहिलीच निवड अशी वाया गेली, आणि हा अपशकुन कुणी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

पण फळ्यावरची ती नावं आली कुठून? पगारी पारखी तेव्हा कुणाकडेच नव्हता. वर्तमानपत्रं, क्रीडा मासिकांचे वार्षिक अंक आणि ओळखीच्या प्रशिक्षकांचं तोंडी प्रशस्तिपत्र, यांवर भागत असे. त्यातल्या त्यात न्यूयॉर्क जायंट्सच्या मालकाचा मुलगा वेलिंग्टन मारा हुशार निघाला. वय १९, स्वतः कॉलेजात शिकणारा. तो गावोगावची वर्तमानपत्रं आणि मासिकं मागवायचा आणि त्यांतून नावांच्या याद्या करायचा. वॉशिंग्टनच्या एका कॉलेजातला टफी लीमन्स त्याने असाच हेरला. मारा भेटायला गेला तेव्हा लीमन्सला वाटलं, सही मागायला कुणी शाळकरी पोर आलंय. जायंट्सनी त्याला दुसऱ्या फेरीत घेतलं आणि पुढे त्याचं नाव खेळाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये लागलं. आजच्या अवाढव्य स्काउटिंग, म्हणजे खेळाडू पारखण्याच्या, विभागांचा मूळपुरुष कोण, असं विचारलं तर मी या कात्रणं कापणाऱ्या पोराकडे बोट दाखवीन.

पगारी पारखी यायला आणखी दहा वर्षं लागली. १९४६ मध्ये रॅम्स संघ क्लीव्हलँडहून लॉस एंजेलिसला हलला आणि मालक डॅन रीव्ह्ज यांनी एडी कोटाल नावाच्या जुन्या खेळाडूला वर्षभर फिरण्यासाठी नेमलं. कोटाल अशा कॉलेजांत पोचला जिथे इतर संघांची पावलं वळत नसत. त्यांत कृष्णवर्णीयांची कॉलेजं होती. लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग कॉलेजचा पॉल ‘टँक’ यंगर १९४९ मध्ये रॅम्सकडे आला तो ड्राफ्टमधून नव्हे. त्याचं नाव कुणी घेतलंच नव्हतं. अशा कॉलेजातून व्यावसायिक संघांच्या या लीगमध्ये आलेला तो पहिला खेळाडू.

ज्या क्लीव्हलँडहून रॅम्स गेले तिथेच, त्याच १९४६ साली, पॉल ब्राउन या प्रशिक्षकाने नवा संघ उभा केला. संघाला नावही त्यांचंच: ब्राउन्स. हा माणूस शाळामास्तरी वळणाचा. खेळाडूंना वह्या द्यायचा, लेखी परीक्षा घ्यायचा, सामन्याची फिल्म लावून प्रत्येकाला गुण द्यायचा. पळण्याची चाचणीही त्यानेच रुळवली. तोवर वेग मोजायचा तर मैदानी स्पर्धांसारखा १०० यार्डांवर. ब्राउन यांचं म्हणणं, फुटबॉलमध्ये १०० यार्ड सरळ पळतो कोण? त्यांनी पंटचा हिशेब धरला असं सांगतात. पंट म्हणजे चेंडू हातातून सोडून लाथेने दूर उडवणं. तेव्हाचा साधारण पंट चाळीस यार्ड जाई. चेंडू हवेत असतानाच आपल्या गड्यांनी तेवढं अंतर कापून तो झेलणाऱ्याला गाठायला हवं. हे ज्याला जमतं तो कामाचा.

म्हणजे चाळीस यार्ड हे माप चेंडूच्या उड्डाणाचं, आणि ते लावायचं होतं पंटमागे धावणाऱ्यांना. पण माप सोपं होतं. एक घड्याळ, एक रेषा, आणि दोन वेगवेगळ्या गावच्या पोरांची तुलना करता येईल असा एक आकडा. बाकीच्या प्रशिक्षकांनी ते उचललं. कशासाठी होतं ते उचलायचं राहिलं.

आकड्यांची ही ओढ पुढे जिथे पोचली तिथे आपल्याकडचा एक माणूस भेटतो. डॅलस काउबॉइज हा संघ १९६० मध्ये सुरू झाला. त्याचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम आधी सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीत होते. त्याच वर्षी स्क्वॉ व्हॅलीतल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यांनी आयबीएमचे संगणक निकाल जुळवताना पाहिले, आणि हे यंत्र खेळाडू निवडायला का लावू नये, असं त्यांच्या डोक्यात आलं. आयबीएमने त्यांची गाठ घालून दिली सलाम कुरेशी या तरुण संख्याशास्त्रज्ञाशी. कुरेशी अलिगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेले. अमेरिकन फुटबॉलचा त्यांना गंधही नव्हता. श्रॅमना संगणकाचा नव्हता. हिशेब चुकता.

मला वाटतं, हे अडाणीपणच पथ्यावर पडलं. फुटबॉलच्या जगात वाढलेल्या माणसाला ‘पोरगा चपळ आहे’ या वाक्यात काही खटकलं नसतं. कुरेशींना खटकलं. चपळ म्हणजे काय? टेक्सासच्या प्रशिक्षकाचा चपळ आणि ओहायोच्या प्रशिक्षकाचा चपळ एकच का? एक म्हणतो झपाटा, दुसरा म्हणतो पायांची लय, तिसरा म्हणतो डोळा. ज्याला त्याला आपला शब्द, आणि यंत्राला तर शब्द कळतच नाही. वेगवेगळ्या गुणांची ती लांबलचक जंत्री गाळत गाळत अखेर पाच गोष्टी उरल्या: चारित्र्य, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, चुरस, मनाची तल्लखी, आणि ताकद. स्काउटनी निबंध लिहायचे नाहीत, ठरलेल्या प्रश्नांना १ ते ९ मध्ये गुण द्यायचे. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून काउबॉइजच्या याद्या यंत्रातून निघू लागल्या. १९६९ मध्ये त्यांनी पहिल्याच फेरीत येल विद्यापीठाच्या कॅल्व्हिन हिलला उचललं. येल हे विद्वानांचं गाव, फुटबॉलवीरांचं नव्हे, लोक हसले. त्या हंगामातला सर्वोत्तम नवोदित हिलच ठरला.

चारित्र्याला ९ पैकी ७ गुण म्हणजे नेमकं काय, हे मात्र मला आजही कुणी सांगावं.

गावोगाव स्काउट फिरवण्याचा खर्च एका संघाला झेपणारा नव्हता, म्हणून संघांनी वर्गणी काढली. १९६३ मध्ये लायन्स, ईगल्स आणि स्टीलर्स यांनी मिळून स्काउट पाठवायला सुरुवात केली. तिघांच्या आद्याक्षरांवरून गटाचं नाव लेस्टो. बेअर्स आले तेव्हा त्याचं ब्लेस्टो झालं. काउबॉइज, रॅम्स आणि फोर्टीनाइनर्स यांचा असाच दुसरा गट होता. व्यापाऱ्यांच्या अशा एकोप्याला इंग्रजीत ‘कम्बाइन’ म्हणतात, आणि इंडियानापोलिसच्या त्या मेळ्याला आज हेच नाव आहे. पोरांची कसोटी म्हणून ज्याच्याकडे सगळे बघतात, त्याचं नाव खरं पाहता मालकांच्या काटकसरीचं.

पण वर्गणीत माहिती वाटली जाते तशी चूकही वाटली जाते. सगळे स्काउट एकाच गाडीतून येतात, एकाच दिवशी, एकाच मैदानावर तोच पोरगा बघतात. स्टीलर्सचे बिल नन यांनी यावर जो उपाय काढला, तो या कथेतला माझा सर्वांत आवडता भाग.

नन हे ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाचे क्रीडा संपादक. कृष्णवर्णीय कॉलेजांतल्या उत्तम खेळाडूंचा संघ ते दर वर्षी आपल्या पत्रात जाहीर करत. गावातल्या गावात असूनही स्टीलर्सच्या माणसांनी आपल्याला कधी काही विचारलं नाही, याचा त्यांना राग होता. मालकांचे चिरंजीव डॅन रूनी यांच्या कानावर हे गेलं. त्यांनी भांडण केलं नाही, ननना बोलावून घेतलं. १९६७ पासून नन स्टीलर्ससाठी अर्धवेळ आणि पुढे पूर्णवेळ पारखी झाले. ज्या कॉलेजांत इतरांना आधी रस्ता विचारावा लागे, तिथे नन यांचं घरच्यासारखं जाणं-येणं होतं.

१९७४ च्या ड्राफ्टआधी स्काउटांचा असाच एक तांडा अलाबामात हंट्सव्हिलला पोचला. बघायचा होता अलाबामा ए अँड एम कॉलेजचा जॉन स्टॉलवर्थ. जमीन ओली होती. पोराने चाळीस यार्ड पळून दाखवले, वेळ सुमार आली. तांड्याने ती लिहून घेतली आणि पुढच्या गावची वाट धरली. नन म्हणाले, बरं वाटत नाही, तुम्ही व्हा पुढे. दुसऱ्या दिवशी बरं वाटू लागल्यावर त्यांनी स्टॉलवर्थला कोरड्या जागेवर नेऊन पुन्हा पळवलं. ती वेळ फक्त ननच्या वहीत होती.

त्या वर्षी स्टीलर्सनी पहिल्या फेरीत लिन स्वॅन, दुसरीत जॅक लॅम्बर्ट, चौथीत स्टॉलवर्थ आणि पाचवीत माइक वेब्स्टर घेतले. चौघेही पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. डॉनी शेलला तर कुणीच निवडलं नव्हतं. ननच्या ओळखीने तोही स्टीलर्सकडे आला आणि त्याच दालनात पोचला. पुढच्या सहा हंगामांत स्टीलर्सनी चार सुपर बोल, म्हणजे लीगची अजिंक्यपदं, जिंकले. नन स्वतः त्या दालनात पोचले ते २०२१ मध्ये, मृत्यूनंतर सात वर्षांनी.

बाकीचं पटकन सांगण्यासारखं आहे. प्रत्येक पोराला प्रत्येक संघाच्या गावी नेऊन तपासणं महाग पडत होतं, म्हणून १९८२ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा शहरी १६३ खेळाडूंना एकत्र बोलावलं गेलं. सुचवणारे पुन्हा टेक्स श्रॅमच. मुख्य हेतू वैद्यकीय तपासणीचा, धावणं-उड्या जोडीला. १९८७ पासून मुक्काम इंडियानापोलिसला. पोरांची उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी सगळ्यांसमोर मोजतात. बैलबाजारात वावरलेल्या माणसाला यात नवं काही दिसणार नाही. पण मोजली जाणारी बरीचशी पोरं काळी आणि मोजणारे बहुतांशी गोरे, म्हणून तिथे हे दृश्य वेगळ्याच इतिहासाची आठवण करून देतं आणि तशी टीकाही होत आली आहे.

परीक्षा ठरली की क्लास निघतात. १९९५ मध्ये बॉस्टन कॉलेजचा माइक मामुला याने कम्बाइनच्या चाचण्यांचाच सराव केला: रेषेवर ओणवं कसं व्हायचं, पहिलं पाऊल कुठे टाकायचं. लातूर पॅटर्नच म्हणा ना. आकडे असे आले की ईगल्सनी बाराव्या क्रमांकावरून सातव्यावर उडी मारून त्याला उचललं. बदल्यात मिळालेल्या बाराव्या क्रमांकावर टँपाच्या संघाने वॉरन सॅप घेतला. मामुला काही वाईट खेळला नाही. सॅप ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेला. पाच वर्षांनी टॉम ब्रेडी नावाचा लुकडा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा सूत्रधार, तेच अंतर ५.२८ सेकंदांत, म्हणजे रखडत, पळाला. १९८ जण निवडून झाल्यावर त्याचं नाव आलं. त्याने सात सुपर बोल जिंकले.

अर्थतज्ज्ञ केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टचा हिशेब मांडून पाहिला. एकाच जागेवर खेळणारे, एकापाठोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता ५२ टक्के निघाली. नाणं उडवलं तर ५०. पाळण्यातले पाय मोजणाऱ्यांची एवढी फौज बाळगून मिळकत दोन टक्क्यांची.

बुद्धी मोजणारी वंडरलिक चाचणी, १२ मिनिटांत ५० प्रश्न, कम्बाइनमधून २०२२ मध्ये गेली. चाळीस यार्ड मात्र हलले नाहीत. आता तर ते दूरचित्रवाणीवर थेट दाखवतात. २०२४ मध्ये झेवियर वर्दी ४.२१ सेकंदांत पळाला, तो आजवरचा उच्चांक. त्याच्यानंतर लाइनमनही पळालेच.

आणि ज्यावरून हे माप निघालं, तो पंट आता सरासरीने पंचेचाळीस यार्डांच्या पुढे पडतो.