बंगाल खोऱ्यातील भूजलाभ्यास
बंगाल खोऱ्यातील भूजलाभ्यास : गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना या नद्यांच्या गाळाने बनलेल्या त्रिभुज प्रदेशातील पूर, भूजलसाठा आणि पाण्याची गुणवत्ता यांच्या अन्वेषणाचा इतिहास. बांगला देशाचा बहुतेक भाग व पश्चिम बंगाल राज्याचा दक्षिण आणि पूर्व भाग या खोऱ्यात मोडतो. येथे या तिन्ही विषयांचा अभ्यास दीर्घकाळ वेगवेगळ्या खात्यांनी व वेगवेगळ्या निमित्तांनी केला. त्यांचा परस्परसंबंध लक्षात येण्यापूर्वीच कोट्यवधी लोकांच्या पिण्यात आर्सेनिकयुक्त पाणी येऊ लागले होते.

नद्यांच्या शास्त्रीय पाहणीचा आरंभ जेम्स रेनेल याच्यापासून धरतात. १७६७–७७ या काळात तो बंगालचा सर्वेक्षक-प्रमुख होता. त्याच्या नकाशांत ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह मधुपूर उंचवट्याच्या पूर्वेकडून मैमनसिंगजवळून वाहताना दिसतो. १७८७ च्या तिस्ता नदीच्या महापुरानंतर हा प्रवाह पश्चिमेकडे सरकत गेला व सु. १८३० पर्यंत सध्याच्या जमुनेच्या पात्रात स्थिरावला. एवढी मोठी नदी अर्धशतकात पात्र बदलते, ही गोष्ट पुढील काळातील बांधबंदिस्तीच्या योजकांनी पुरेशी मनावर घेतली नाही.

पुराचा प्रश्न प्रथम आरोग्याच्या अंगाने पुढे आला. बंगालच्या आरोग्य खात्याचे प्रमुख सी. ए. बेंटली यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, रेल्वेचे भराव व नदीकाठचे बांध यांमुळे शेतांवर पसरणारे गाळयुक्त पाणी अडले, त्यामुळे जमीन निकस झाली आणि हिवताप वाढला, असे प्रतिपादन केले. ईजिप्तमधील जलसिंचनाच्या कामांमुळे ख्यातनाम झालेले विल्यम विलकॉक्स यांनी १९२८ मध्ये कलकत्ता विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत हाच धागा पुढे नेला. बंगालमधील अनेक नद्या मुळात प्राचीन राजांनी खोदलेले कालवे होत, हे त्यांचे मत अतिशयोक्त होते. परंतु पुराचे पाणी हेच येथील शेतीचे खत, हे त्यांचे निरीक्षण अचूक होते. १९२२ च्या उत्तर बंगालमधील पुरानंतर प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी सु. पन्नास वर्षांच्या पर्जन्यमानाची सांख्यिकीय छाननी केली व १९२७ च्या अहवालात जलाशय बांधण्यापेक्षा पाण्याचा निचरा जलद होऊ देणे अधिक उपयुक्त ठरेल, असा निष्कर्ष काढला. बंगाली भाषेत पावसाळ्यातील नेहमीच्या जलमयतेस ‘बर्षा’ व विनाशक पुरास ‘बन्या’ अशा वेगळ्या संज्ञा आहेत. शासकीय नियोजनात मात्र हा भेद टिकला नाही. १९५४ व १९५५ च्या पुरांनंतर संयुक्त राष्ट्रांनी जे. ए. क्रूग यांच्या अध्यक्षतेखाली पथक पाठविले. १९६४ च्या बृहद् योजनेत बांधांवरच भर देण्यात आला.

पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास पटकीच्या साथींमुळे सुरू झाला. १८८४ च्या आरंभी रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू आढळले. त्याच तळ्याचे पाणी भोवतालचे लोक पिण्यासाठी, आंघोळीसाठी व धुण्यासाठी वापरीत. खेड्यांतील ‘पुकूर’ म्हणजे तळ्यांची स्थिती याहून वेगळी नव्हती. तेव्हापासून ‘शुद्ध पाणी’ म्हणजे जंतुरहित पाणी, ही व्याख्या आरोग्य खात्यांत रुजली. मातीतून गाळून आलेले भूजल या कसोटीला सहज उतरत असे. पूर्व बंगालमध्ये व १९७१ नंतर बांगला देशात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खाते आणि युनिसेफ यांनी मोठ्या प्रमाणावर कूपनलिका बसविल्या. दख्खनच्या पठारावरील बेसाल्टमध्ये विंधण करण्यास संपीडित हवेवर चालणारी यंत्रे लागतात. येथील मऊ गाळात बांबूची परांची, लोखंडी नळ्या आणि नळीच्या तोंडावर झडपेप्रमाणे हात ठेवणारा कारागीर एवढ्यावर दोन-तीन दिवसांत पन्नास मीटरपर्यंत जाता येते. भूजलपातळी उथळ असल्याने साधा चूषण-पंप पुरतो. त्यामुळे सरकारी कूपनलिकांच्या कितीतरी पट खाजगी कूपनलिका घरोघर झाल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची संख्या ६० लाख ते १ कोटी १० लाख यांदरम्यान असावी, असा अंदाज होता. बहुतेकांची कोठेही नोंद नव्हती. अतिसाराने होणारे बालमृत्यू याच काळात घटले. या घटीत लसीकरण आणि ढाक्याच्या प्रयोगशाळेत १९६८ मध्ये रुग्णांवर यशस्वी ठरलेली जलसंजीवनी यांचाही वाटा होता, हे विसरता येत नाही.

भूजल व पूर यांचा एकत्र विचार रॉजर रेव्हेल व व्ही. लक्ष्मीनारायण यांनी १९७५ मध्ये मांडला. कोरड्या ऋतूत भूजल उपसावे, म्हणजे रिकाम्या झालेल्या स्तरांत पावसाळ्याचे पाणी मुरेल व पूरही काहीसा ओसरेल, अशी ही कल्पना होती. ती योजना म्हणून कोणी राबविली नाही. १९८० नंतर उन्हाळी ‘बोरो’ भातासाठी शेतकऱ्यांनी आपापल्या खर्चाने बसविलेल्या उथळ कूपनलिकांनी मात्र ती प्रत्यक्षात आणली. बांगला देशातील ४६५ निरीक्षण विहिरींच्या नोंदींवर आधारलेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९८८–२०१८ या काळात अशा रीतीने ७५ ते ९० घन किमी. जादा पाणी भूमीत साठविले गेले. १९८८ व १९९८ च्या पुरांनी देशाचा सु. दोन-तृतीयांश भाग व्यापला होता, हे ध्यानात घेता पुरावर याचा परिणाम मर्यादितच राहिला. भातपिकावर तो फार मोठा झाला.

आर्सेनिकाचा शोध जलशास्त्रज्ञांना लागला नाही. तो त्वचारोगतज्ज्ञाला लागला. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत के. सी. साहा यांच्याकडे १९८३ मध्ये चोवीस परगण्यातील काही खेडूत आले. त्यांच्या अंगावर काळे-पांढरे ठिपके होते आणि तळहात व तळपाय यांची कातडी जाड व खडबडीत झाली होती. ही चिरकारी आर्सेनिक विषबाधा असून ती कूपनलिकांच्या पाण्यामुळे झाली आहे, असे निदान झाले व १९८४ मध्ये ते वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्धही झाले. गावांत हा रोग पुष्कळदा कुष्ठ समजला जाई. मुलींचे विवाह मोडत. पुढे जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती व त्यांचे सहकारी यांनी गावोगाव पाणी, केस व नखे यांचे नमुने तपासून व्याप्ती दाखवून दिली. बांगला देशात मात्र आर्सेनिक प्रथम १९९३ मध्ये चापाई नवाबगंज जिल्ह्यात सापडले. सीमा तीच, गाळही तोच. परंतु वैद्यकीय वृत्तांत भूजल-खात्यांच्या वाचनात येत नव्हते. १९९२ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने मध्य व ईशान्य बांगला देशातील १५० कूपनलिकांचे पाणी तपासले; तपासावयाच्या घटकांत आर्सेनिक नव्हते. यावरून एका ग्रामस्थाने लावलेल्या दाव्यात, अहवाल करणारी संस्था व पाणी पिणारी व्यक्ती यांच्यात दक्षतेचे कायदेशीर कर्तव्य उद्‌भवेल इतका निकट संबंध नाही, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्‌सने २००६ मध्ये दिला. कायद्याने प्रश्न तेथे मिटला. ज्या यादीनुसार नमुने तपासले जातात ती कोणी व कशाच्या आधारे ठरवावयाची, हा शास्त्रीय प्रश्न त्या निर्णयाच्या कक्षेबाहेर होता.

याच संस्थेने बांगला देशाच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खात्यासमवेत १९९८–९९ मध्ये केलेली पाहणी या विषयातील पायाभूत कामगिरी होय. देशाच्या ६४ पैकी ६१ जिल्ह्यांतील ३,५३४ कूपनलिकांचे नमुने तीत तपासण्यात आले. १५० मी. पेक्षा उथळ कूपनलिकांपैकी २७ टक्क्यांत आर्सेनिकाचे प्रमाण प्रतिलिटर ५० मायक्रोग्रॅम या राष्ट्रीय मर्यादेहून अधिक, तर सु. ४६ टक्क्यांत जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये सुचविलेल्या १० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळले. पहिल्या मर्यादेबाहेरचे पाणी पिणाऱ्यांची संख्या सु. ३.५ कोटी असल्याचा अंदाज करण्यात आला. चांदपूर व त्याच्या आसपासचा आग्नेय भाग सर्वाधिक ग्रस्त होता. मधुपूर व बारिंद या उंचवट्यांखालील पाणी बहुधा निर्दोष होते.

या भेदाचे कारण भूवैज्ञानिक इतिहासात आहे. अखेरच्या हिमकालात समुद्रपातळी सु. १२० मी. खाली असताना नद्यांनी खोल दऱ्या कोरल्या. उंचवट्यांवरील जुनी वाळू दीर्घकाळ हवा व पाणी यांच्या संपर्कात राहून तपकिरी झाली व तिच्यातील आर्सेनिक बव्हंशी धुऊन गेले. समुद्र वर आल्यावर दऱ्या नव्या करड्या गाळाने भरल्या. त्यात गाडल्या गेलेल्या वनस्पतींच्या अवशेषांवर सूक्ष्मजीव जगतात व ऑक्सिजनाच्या अभावी वाळूच्या कणांवरील लोह ऑक्साइडांचे क्षपण करतात. तेव्हा त्यांना चिकटलेले आर्सेनिक पाण्यात उतरते. हे स्पष्टीकरण १९९८ नंतर सर्वमान्य झाले. त्यापूर्वी, उपशामुळे पातळी खाली जाऊन पायराइटाचे ऑक्सिडीभवन होते, असे मत होते. पण दूषित पाण्यात सल्फेट अल्प व विद्राव्य लोह विपुल असते, या गोष्टीशी ते जुळत नाही. उपसा अगदीच निर्दोष आहे, असेही म्हणता येत नाही. मुन्शीगंज येथील २००२ च्या संशोधनात तळ्यांतील कार्बनी द्रव्य सिंचनाच्या उपशाने खाली ओढले जात असावे, असे सुचविण्यात आले. हा वाद मिटलेला नाही.

उपाय या विषमतेतूनच निघाला. एका कूपनलिकेचे पाणी दूषित, तर पन्नास पावलांवरील दुसरीचे निर्दोष, अशी स्थिती वारंवार आढळते. त्यामुळे १९९९ नंतरच्या काही वर्षांत सु. ५० लाख कूपनलिका जागेवरच तपासून निर्दोष पंपांना हिरवा व सदोष पंपांना तांबडा रंग देण्यात आला. सु. २९ टक्के पंप तांबडे ठरले. अनेक कुटुंबे शेजारच्या हिरव्या पंपाकडे वळली. काही ठिकाणी सामायिक खोल कूपनलिका खोदण्यात आल्या, पण किनाऱ्याकडे खाऱ्या पाण्याची अडचण येते. तसेच खोल स्तरांतून सिंचनासाठी उपसा झाल्यास वरचे दूषित पाणी खाली उतरण्याचा धोका असतो. २००९ च्या देशव्यापी पाहणीतही सु. १३ टक्के कुटुंबांचे पाणी राष्ट्रीय मर्यादेबाहेर आढळले. पहिल्या मोहिमेतील रंग काही पावसाळ्यांत उडून गेले आणि त्यानंतर खोदलेल्या लाखो खाजगी कूपनलिकांची तपासणीच झालेली नव्हती.