बंगळूरच्या किल्ल्यात ‘आपण’ कोण?

फौजी माणसाला ‘तुमचं गाव कोणतं?’ असं विचारलं की तो जरा अडखळतो. दर दोन-तीन वर्षांनी पत्ता बदलतो. सध्या आमचा पत्ता बंगळूर. नव्या पोस्टिंगवर गेलं की ट्रंका पूर्ण उघडायच्या आत तिथला किल्ला पाहून यायचा, ही माझी जुनी खोड. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत तीन वर्षं समोर सिंहगड बघत काढली की अशी खोड लागतेच.

बंगळूरचा किल्ला मात्र शोधावा लागतो. कृष्णराजेंद्र मार्केटच्या गर्दीत, फुलांच्या ढिगाऱ्यांपलीकडे, बसच्या हॉर्नांमध्ये त्याचा एक तुकडा उभा आहे. एका रविवारी सकाळी सात वाजता सौ. आणि तेरा वर्षांची लेक यांना घेऊन मी तिथल्या ‘हेरिटेज वॉक’ला गेलो. माहिती सांगणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. पोटात एकच प्रश्न घेऊन गेलो होतो, तो लगेच विचारून टाकला, “शहाजीराजांचा वाडा कुठे होता?”

ते हसले. “सर, महाराष्ट्रातून येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो. चिक्कपेटेच्या बाजूला होता असं जुने लोक सांगतात. आज दगडही दाखवता येणार नाही.”

मग त्यांनी सुरुवात केली ती केंपेगौडांपासून. १५३७ साली या विजयनगरच्या मांडलिकाने मातीचा कोट घातला आणि आत पेठा वसवल्या. अक्कीपेटेत तांदूळ, अरळेपेटेत कापूस, बळेपेटेत बांगड्या. पुण्याच्या पेठा वारांच्या नावाने, इथल्या धंद्यांच्या. जवळजवळ पाचशे वर्षं झाली, नावं तीच आहेत.

पुढे १६३८. विजापूरच्या आदिलशाहीची फौज रणदुल्लाखानाच्या हाताखाली आली, सोबत शहाजीराजे. तिसऱ्या केंपेगौडांचा पराभव झाला. त्यांच्या घराण्याकडे मागडी राहिली आणि बंगळूर शहाजीराजांना जहागीर मिळालं.

इथे लेकीने मला बाही धरून थांबवलं. “बाबा, म्हणजे केंपेगौडांना हरवलं ते आपण?”

शाळेत तिने केंपेगौडांवर प्रकल्प केला होता. विमानतळही त्यांच्याच नावाचा. तिच्या दृष्टीने या गोष्टीतला नायक ठरलेला होता. मी म्हणालो, “ती आदिलशाहीची फौज होती.” ती म्हणाली, “पण शहाजीराजे आपले ना?” तरुण अधिकाऱ्यांना लष्करी इतिहास शिकवलेला मी, पटकन उत्तर देऊ शकलो नाही.

आम्ही दिल्ली दरवाजाशी आलो. आज दिसतो तो दगडी किल्ला हैदरअलीच्या काळातला, १७६१ चा. दरवाजा पाहिला की फौजी मन लगेच कामाला लागतं. रस्ता सरळ आत जात नाही, वळतो. हत्ती धावत येऊ नये, आत शिरलेल्यांवर वरून मारा करता यावा. आत गणपतीचं छोटं देऊळही आहे. हैदर-टिपूच्या किल्ल्यात गणपती पाहून लेक चकित झाली, मी तितका नाही. किल्ला सांभाळणाऱ्या शिबंदीत सगळेच असतात.

भिंतीवर इंग्रजांनी लावलेली पाटी आहे. २१ मार्च १७९१ रोजी याच खिंडारातून हल्ला झाला, एवढंच ती सांगते. कॉर्नवॉलिसने आधी ७ मार्चला पेठ घेतली, मग तोफा जवळ आणून दोन आठवड्यांत तट फोडला. टिपूची फौज जवळच होती, पण किल्ला वाचवता आला नाही. किल्लेदार बहादूरखान म्हातारा होता. तो खिंडारापाशी लढत पडला. त्याचं शव सन्मानाने परत द्यायची तयारी कॉर्नवॉलिसने दाखवली होती. पाटीवर बहादूरखानाचं नाव नाही.

“इथे आपण कुठे होतो?” लेक पुन्हा.

आता मी टाळलं नाही. त्या युद्धात पेशवे आणि निजाम इंग्रजांच्या बाजूने होते. बंगळूर पडलं तेव्हा परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या वेढ्यात गुंतले होते. शिवाय इंग्रजांच्या मद्रास फौजेत लढणारे शिपाई इथलेच, दक्षिणेतले. आज बंगळूरलाच ज्यांचं केंद्र आहे ते मद्रास सॅपर्स आपला वारसा त्या काळच्या मद्रास पायोनियर्सपासून मोजतात. म्हणजे माझ्या गणवेशाची एक मुळी खिंडाराच्या बाहेर होती आणि माझ्या देशाचा म्हातारा किल्लेदार आत. या वेढ्यात पडलेल्या इंग्रजी फौजेचा स्तंभ शहरात होता, तो १९६४ मध्ये हटवला गेला.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे ‘आपण’ प्रत्येक वेळी वेगळ्याच बाजूला.”

तेच मला म्हणायचं होतं, फक्त मला इतकं थोडक्यात जमलं नसतं.

वॉक संपल्यावर मेट्रोने मल्लेश्वरमला गेलो. तिथल्या काडू मल्लेश्वराच्या देवळाशी शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांचं नाव जोडलेलं आहे. १६६९ च्या शिलालेखात त्यांनी मल्लापुरच्या देवाला गाव इनाम दिल्याची नोंद आहे. लेख कानडीत. मराठी राजाला इथल्या माणसांशी बोलायचं होतं, तर त्यांच्या भाषेत बोलला. पुढे व्यंकोजीराजे तंजावरला गेले. १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर घेतलं आणि ते तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेलं. जवळजवळ पन्नास वर्षांची भोसल्यांची जहागीर संपली.

वाडा उरला नाही याचं सकाळी वाईट वाटलं होतं. संध्याकाळी वाटलं, तलवारीने मिळवलेलं विकलं गेलं, देवळाला दिलेलं लोकांनी राखलं. दिवा अजून लागतो, आणि लावणारे कन्नड आहेत.

मित्रहो, विशेषतः निवृत्तीनंतर इथे स्थायिक झालेले तुम्ही, नातवंडांना घेऊन एकदा दिल्ली दरवाजा पाहाच. ती ‘आपण कोण?’ असं विचारतील. घाईने उत्तर देऊ नका, आधी सगळी गोष्ट सांगा.

शहाजीराजांचा शेवट १६६४ मध्ये दावणगेरे जिल्ह्यातल्या होदिगेरेला झाला. समाधी तिथेच आहे. पुढची लांब सुट्टी मिळाली की तिकडे. या वेळी लेकच मागे लागली आहे.