स्वप्नात पाणी मागणारा आप्त

घरात कुणी आत्महत्या केली की हळूहळू त्याचे नाव काढणेही बंद होते. जागेपणी टाळलेले ते माणूस स्वप्नात मात्र येत राहते. अशा स्वप्नांचे काय करायचे, हा प्रश्न मानसशास्त्राच्या पुष्कळ आधी धर्मशास्त्रापुढे आला होता.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात आत्मत्याग करणाऱ्यांना अशौच आणि उदकदान नाकारले आहे. सुतक नाही म्हणजे शोकाला हक्काचे दिवस नाहीत. माणसे भेटायला येणे, हंबरडा फोडणे, मृताला ओंजळभर पाणी देणे, सगळ्यालाच बंदी. चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या काळात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली. याच श्लोकावरील टीकेत त्याने एक वाट मोकळी ठेवली: वर्ष उलटल्यावर नारायणबली करावा आणि मग और्ध्वदेहिक करावे. पां. वा. काणे यांनीही 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथात या विधीची नोंद घेतली आहे.

गरुडपुराणाच्या प्रेतखंडात प्रेतबाधेची लक्षणे म्हणून स्वप्ने सांगितली आहेत. मेलेला पूर्वज मळक्या वेषात येऊन अन्न मागतो, तहानेने व्याकूळ होऊन पाणी पितो, कधी बेड्या दिसतात. ही यादी केवळ आत्महत्येसाठी नाही. पण दुर्मरण हे प्रेतत्वाचे मोठे कारण मानले आहे आणि उपाय म्हणून नारायणबली सांगितला आहे. म्हणजे स्मृतीने नाकारलेले पाणी मृत स्वप्नात येऊन मागतो, आणि त्या मागणीला पुराण मान्यता देते. ज्याच्यासाठी उघड रडताही येत नव्हते, त्याच्यासाठी काही करण्याचा अधिकार आप्तांना या स्वप्नाने मिळवून दिला, असे मला वाटते. त्याची किंमतही होती. तीच प्रकरणे वांझपण, आजार, भांडणे मृताच्या माथी मारतात. दुःखाशेजारी भय येऊन बसते आणि खर्चही.

हाच प्रश्न पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत ऑगस्टीनपुढे आला. आत्महत्येला त्याचा कडक विरोध होता. मृत स्वप्नात येऊन दफन मागतात, या समजुतीला मात्र त्याने वेगळे उत्तर दिले. तो मिलानला असताना कार्थेजमधल्या एका शिक्षकाच्या स्वप्नात जाऊन त्याने सिसेरोचा अवघड उतारा समजावला होता, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. जिवंत माणूस असा नकळत दुसऱ्याच्या स्वप्नात जातो, तर मृतही तसाच जात असेल. या युक्तिवादाने भय जाते. पण करण्यासारखे काहीच हाती उरत नाही.

आत्महत्येच्या प्रयत्नाकडे पाहण्याची कायद्याची दृष्टी आता बदलली आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य अधिनियमाचे ११५वे कलम, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, त्यामागे तीव्र ताण होता असे गृहीत धरते. मागे राहिलेल्यांची स्वप्ने मात्र अजूनही बहुधा भटजींकडे जातात. त्र्यंबकेश्वरी नारायणबली चालू आहेत. ज्यांना विधी करायचा त्यांनी करावा. पण 'काल रात्री तो आला होता' असे आईने सकाळी म्हटले, तर घरच्यांनी विषय बदलू नये. काय म्हणाला, कसा दिसत होता, एवढे तरी विचारावे. नाकारलेल्या सुतकाचा थोडा भाग तेवढ्याने परत मिळतो.