घरखरेदीतील दोन मध्यस्थ : दलाल आणि बँक

मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात बहुधा एकदाच घर घेतो. त्याला घर दाखवणारा दलाल आणि कर्ज देणारी बँक मात्र हा व्यवहार रोज करत असतात. या दोघांवाचून घरखरेदी सहसा पार पडत नाही. परंतु दोघांपैकी एकही ग्राहकाचा वकील नव्हे, हे आरंभीच लक्षात घेतलेले बरे. दलालाला व्यवहार पूर्ण होण्यात रस असतो, बँकेला दिलेले पैसे परत येण्यात. घर निर्वेध आहे की नाही, याची खरी चिंता एकट्या खरेदीदारालाच वाहावी लागते.

प्रथम दलालाविषयी. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ लागू होईपर्यंत या व्यवसायावर कायद्याचे नियंत्रण जवळजवळ नव्हतेच. या कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका विकणाऱ्या दलालालाही स्वतःची नोंदणी अनिवार्य केली. महाराष्ट्रात ही नोंदणी महारेराकडे होते. तिथे प्रकल्पांचे क्रमांक इंग्रजी ‘पी’ने, तर दलालांचे ‘ए’ने सुरू होतात आणि दोन्ही प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतात. नोंदणी न झालेल्या प्रकल्पाची विक्री दलालाने करू नये, खोटी आश्वासने देऊ नयेत, आणि ग्राहकाला हवी असलेली कागदपत्रे त्याच्या हाती द्यावीत, अशी बंधने कायद्याच्या कलम १०ने घातली आहेत. ती मोडल्यास दररोज दहा हजार रुपये, आणि एकूण सदनिकेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

मात्र एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. हे सारे संरक्षण प्रकल्पातील नव्या विक्रीपुरते आहे. जुन्या सोसायटीतील सदनिका एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते, तेव्हा तो व्यवहार जमवणारा दलाल या कायद्याच्या कक्षेत येत नाही. फेरविक्रीच्या घरासाठी एखादा दलाल आपला महारेरा क्रमांक मोठ्या अक्षरांत मिरवत असेल, तर त्याला प्रशिक्षण मिळाले आहे एवढाच त्याचा फार तर अर्थ घ्यावा.

दलालीचा दर कायद्याने ठरवलेला नाही. फेरविक्रीत एक ते दोन टक्के देण्याची रीत आहे आणि बहुतेक वेळा खरेदीदार व विक्रेता या दोघांकडूनही ती घेतली जाते. नव्या प्रकल्पात दलाली बिल्डर देतो. ग्राहकाला सेवा ‘मोफत’ वाटते, पण ज्या प्रकल्पात मोबदला अधिक तोच प्रकल्प अधिक आग्रहाने पुढे केला जाणार, हे उघड आहे. दर किती, तो कधी द्यायचा आणि व्यवहार मोडला तर काय, हे घर पाहायला जाण्यापूर्वीच लेखी ठरवावे. दलाली करारनाम्याच्या नोंदणीच्या वेळी द्यावी, टोकन देताना नव्हे.

टोकनच्या बाबतीत घाई करवून घेतली जाते. “दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे” हे वाक्य ऐकले नाही असा खरेदीदार विरळाच. अशा वेळी रक्कम धनादेशानेच द्यावी. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार वा अधिक रुपये रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. पावतीवर ‘कर्ज नामंजूर झाल्यास किंवा मालकी हक्कात दोष आढळल्यास रक्कम परत’ हे वाक्य लिहून घ्यावे. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेण्यास बिल्डरला कलम १३ने बंदी आहे.

आता बँकेकडे वळू. बहुतेक खरेदीदार आधी घर ठरवतात व मग कर्ज शोधतात. क्रम उलटा असावा. उत्पन्नाचे पुरावे दाखवून बँकेकडून तत्त्वतः मंजुरीचे पत्र आधी मिळवले, तर आपली ऐपत कळते आणि विक्रेत्याशी बोलताना हात बळकट राहतो. घरातून किती पैसे घालावे लागतील, याचा अंदाजही याच वेळी बांधावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या नव्वद टक्के, तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंत ऐंशी टक्के आणि त्यापुढे पंचाहत्तर टक्के इतकीच कमाल रक्कम मिळू शकते. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी सहसा या किमतीत धरली जात नाही. मुंबईत ८० लाखांचे जुने घर घेणाऱ्याला कर्ज जास्तीत जास्त ६४ लाख मिळेल. उरलेले १६ लाख, सहा टक्क्यांनी ४ लाख ८० हजार मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी फी आणि एक टक्का दलाली मिळून जवळपास २२ लाख त्याच्यापाशी असले पाहिजेत. केवळ महिलेच्या नावे खरेदी असल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. किंमत पन्नास लाख वा अधिक असेल, तर एक टक्का प्राप्तिकर कापून तो सरकारात भरण्याची जबाबदारीही खरेदीदाराचीच असते. हा खर्च वाढीव नव्हे, किमतीतूनच तो वजा करायचा असतो; पण विसर पडला तर व्याज व दंड खरेदीदारावर येतो.

व्याजदराच्या अर्ध्या टक्क्याकडे दुर्लक्ष करू नये. ५० लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे ४३,३९१ रुपये, तर नऊ टक्क्यांनी ४४,९८६ रुपये येतो. मुदतीअखेर फरक पावणेचार लाखांच्या पुढे जातो. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी तरत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य निर्देशांकाशी जोडावी लागतात. गृहवित्त कंपन्यांना मात्र ही सक्ती नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मूळ दरावर चालतो, म्हणून दर उतरताना तो किती लवकर उतरतो, हे जुन्या कर्जदारांना विचारावे. दर वाढला की बहुधा हप्ता तोच राहतो आणि मुदत मुकाट्याने लांबते. ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकाने हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा अधिकार कर्जदाराला दिला आहे. तो मागून घ्यावा लागतो. कर्जासोबत विमा घेण्याचा आग्रह झाल्यास त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला जात नाही ना, हे पाहावे. अन्यथा विम्याच्या हप्त्यावरही वीस वर्षे व्याज भरावे लागते.

“बँकेने कर्ज दिले, म्हणजे कागदपत्रे चोख” हा समज सर्वांत महाग पडतो. बँकेचा वकील शोध घेतो तो बँकेसाठी. त्याची फी आपण भरली, तरी अहवालावर विसंबून आपल्याला बँकेला जाब विचारता येत नाही. डोंबिवलीतील ६५ इमारतींचे प्रकरण या दृष्टीने डोळ्यांत अंजन घालणारे आहे. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या सादर करून तेथे महारेराची नोंदणी मिळवण्यात आली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा तेथे कुटुंबे राहत होती. म्हणूनच प्रारंभ प्रमाणपत्र व भोगवटा प्रमाणपत्र बिल्डर वा दलालाच्या हातून आलेल्या प्रतीवर न सोडता महापालिकेच्या नगररचना विभागाकडून खातरजमा करून घ्यावी. आपला स्वतंत्र वकील नेमून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. घराच्या किमतीपुढे त्याची फी किरकोळ असते.

फेरविक्रीच्या घरावर विक्रेत्याचे जुने कर्ज असेल, तर घाबरण्याचे कारण नाही, पण क्रम सांभाळावा लागतो. विक्रेत्याच्या बँकेकडून थकबाकीचे पत्र आणि तिच्या ताब्यातील मूळ कागदपत्रांची यादी मागवावी. आपली बँक ती रक्कम थेट त्या बँकेच्या नावे देते. विक्रेत्याच्या खात्यात पैसे जमा करून ‘तो कर्ज फेडील’ या भरवशावर राहू नये. ‘सरसाय’ या केंद्रीय नोंदवहीत नाममात्र शुल्क भरून मालमत्तेवरील तारण तपासता येते. आधीच्या मालकांचे मूळ करारनामे गहाळ असतील, तर पोलीस तक्रार व वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस यांशिवाय बँक पुढे सरकत नाही. त्यासाठी लागणारे आठवडे विक्रीच्या करारात धरून ठेवावेत.

कर्ज फिटल्यावरही काम उरते. १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे बँका व वित्तसंस्थांवर बंधनकारक आहे. त्यांच्या चुकीने विलंब झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. कर्ज देताना बँकेने करून घेतलेल्या यादीची प्रत आपल्यापाशी असेल, तर एखादा करारनामा ‘सापडत नाही’ असे सांगणे तिला कठीण जाते. कागदपत्रे ताब्यात घेताना ‘सरसाय’मधील बोजा उतरवल्याची आणि सोसायटीच्या दप्तरातील बँकेची नोंद रद्द झाल्याची लेखी खात्रीही त्याच वेळी करून घ्यावी.