मालिशचे पैसे नेमके कशाचे? जपानच्या अंध मालिशकारांची गोष्ट

बाळंतिणीसाठी किंवा अर्धांगवायूच्या रुग्णासाठी मालिशला कोणी लावले की घरचे लोक डॉक्टरांना हमखास विचारतात, "रोजचे किती द्यावेत?" आकडा गावागणिक बदलतो, त्यामुळे तो सांगणे कठीण. पण पैसे किती यापेक्षा ते कशाचे द्यायचे, हा प्रश्न रुग्णाच्या प्रकृतीशी जास्त जोडलेला आहे. हे समजून घ्यायला जपानचा इतिहास फार उपयोगी पडतो.

एदो, म्हणजे आजचे टोकियो. तोकुगावा शोगुनांच्या काळात (१६०३ ते १८६८) तिथे संध्याकाळनंतर रस्त्यावर बासरीसारख्या छोट्या शिट्टीचा आवाज येई. तो आवाज मालिशवाल्याचा. मालिशला तिथे 'आन्मा' म्हणत आणि करणाऱ्यालाही आन्माच. सगळेच आन्मा अंध नव्हते, पण अंधांसाठी पोट भरण्याचा हा मोठा मार्ग होता. ज्याला अंग रगडून घ्यायचे असेल तो हाक मारून घरात बोलवी.

त्यांचे दरही नोंदलेले आहेत. कितागावा मोरिसादा या लेखकाने १८३७ पासून पुढे सुमारे ३० वर्षे शहरातील रोजच्या जगण्याच्या बारीकसारीक नोंदी केल्या. त्यानुसार एदोमध्ये फिरत्या मालिशवाल्याचा सर्वांगाच्या मालिशचा दर ४८ मोन होता. शिकाऊ मुलगा असेल तर २४ मोन. दुकान थाटून बसलेला मालिशवाला मात्र १०० मोन घेई. त्या काळी सोबा शेवयांचा एक वाडगा १६ मोनला मिळे. म्हणजे फिरत्या माणसाची पूर्ण अंगाची मेहनत तीन वाडग्यांच्या किमतीची, आणि डोक्यावर छप्पर आले की तीच मेहनत दुपटीहून महाग.

यात एक मेख आहे. आन्माला पैसे अंग रगडून झाल्यावर मिळत. समोरच्या माणसाचा पाय सुजलेला असला, अंगात ताप असला आणि त्याने "आज नको" म्हटले, तर त्या रात्रीचे ४८ मोन गेले.

संघटना होती, पण पैसा वर जाई

अंधांची 'तोदोझा' नावाची संघटना होती आणि तिला शोगुनांची मान्यता होती. तिच्यात मालिशवाले, सुया टोचून उपचार करणारे आणि वादक असे सगळे होते. श्रीमंत घरांत लग्नकार्य किंवा मर्तिक झाले की संघटनेला देणगी मिळे आणि ती हुद्द्याप्रमाणे वाटली जाई. हुद्दे मात्र पैसे भरून मिळत. तळाच्या पायरीपासून 'केन्ग्यो' या वरच्या हुद्द्यापर्यंत जायला एकूण ७०० हून जास्त र्यो, म्हणजे सोन्याची नाणी, लागत. हा पैसा उभा करता यावा म्हणून सरकारने अंधांना सावकारी करायला मुभा दिली. परिणामी काही केन्ग्यो बडे सावकार झाले आणि रस्त्यावरचा आन्मा शिट्टी वाजवतच राहिला.

वेगळी वाट दाखवली सुगियामा वाइचि (१६१० ते १६९४) यांनी. लहानपणीच दृष्टी गेलेले हे वैद्य नळीतून बारीक सुई टोचण्याच्या पद्धतीसाठी प्रसिद्ध झाले. पाचवे शोगुन त्सुनायोशी यांच्यावर त्यांनी उपचार केले आणि अंधांना हे उपचार पद्धतशीर शिकवणाऱ्या शाळा काढल्या. ज्याच्या हाताला शिक्षण आहे, त्याच्या सल्ल्यालाही किंमत येते, हे त्यांच्या शिष्यपरंपरेने दाखवून दिले.

परवाना आला, स्पर्धाही आली

१८७१ मध्ये मेइजी सरकारने तोदोझा बरखास्त केली. हुद्द्यांचा बाजार संपला, तसा अंधांचा आधारही गेला. १९११ मध्ये मालिशसाठी परीक्षा आणि परवाना आला. अंधांसाठी त्यात वेगळी, सोपी परीक्षा ठेवली होती. १९४७ मध्ये नवा कायदा झाला. डोळस लोक मोठ्या संख्येने या व्यवसायात येऊ लागल्यावर १९६४ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. अंधांच्या रोजीरोटीवर गदा येत असेल, तर डोळसांसाठी नव्या मालिश शाळांना परवानगी नाकारता येते. एका संस्थेने याला आव्हान दिले, पण २०२२ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली.

आज तिथे लकवा किंवा आखडलेले सांधे अशा त्रासात डॉक्टरांनी लेखी संमती दिली, तर परवानाधारकाकडून केलेल्या मालिशचा खर्च आरोग्य विम्यातून मिळू शकतो. दुसरीकडे 'मालिश' हा शब्द टाळून स्वस्तात अंग चेपून देणारी दुकाने गल्लोगल्ली आहेत. तिथले अनेक कामगार पगारी नसतात, नावाला 'स्वतंत्र' असतात. गिऱ्हाईक आले तर ठरलेला वाटा, नाही आले तर हात रिकामे. एदोतला ४८ मोनांचा हिशेब आजही चालू आहे.

आपल्या घरासाठी यातून काय घ्यावे?

आपल्याकडेही मालिश करणाऱ्याला मालिश झाली तरच पैसे मिळतात. पण काही वेळा मालिश न करणे हाच योग्य निर्णय असतो:

- एका पायाची पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली असेल. आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो.
- पडल्यानंतर हाड मोडल्याची शंका असेल.
- ताप असेल, किंवा त्वचा लाल, गरम झालेली असेल किंवा तिच्यावर जखम असेल.
- हाडे फार ठिसूळ झाली असतील, किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील. अशा वेळी आधी डॉक्टरांना विचारावे आणि जोर लावून मालिश करू नये.

म्हणून शक्य असेल तर महिन्याचे किंवा फेरीचे पैसे आधीच ठरवा. मालिशवाल्या मावशी ज्या दिवशी म्हणतील, "आज मी हात लावत नाही, आधी डॉक्टरांना दाखवा," त्या दिवसाचेही पैसे त्यांना द्या. त्या दिवशी कदाचित त्यांनी सगळ्यात मोलाचे काम केलेले असेल.