दोनशे साठ प्रती

समाजशास्त्राचा प्राध्यापक म्हटलं की जाड भिंगाचा चष्मा आणि त्याहून जाड परिभाषा डोळ्यांपुढे येते. (आमच्या बी.ए.च्या वर्गात तरी तसंच होतं!) इंग्लंडचे पीटर टाउनसेंड मात्र लोकांच्या घरी जाऊन बसणारे.

जन्म १९२८चा. आई गायिका, कार्यक्रमांसाठी सतत दौऱ्यावर; त्यामुळे मुलाला वाढवलं आजीनं. म्हणूनच की काय, त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते म्हाताऱ्या माणसांकडे. पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीन या कामगारवस्तीत २०३ वृद्धांशी बोलून त्यांनी १९५७ साली पुस्तक लिहिलं. सरकार पेन्शन आणि औषधपाणी बघायला लागल्यापासून मुलं आईबापांना विचारत नाहीत, अशी तेव्हा ओरड होती. (ओळखीची वाटते ना?) यांना आढळलं उलटंच. लेकी जवळपासच राहतात, रोजचं जाणंयेणं आहे आणि आज्या नातवंडं सांभाळताहेत.

मग ज्यांना कुणीच नाही त्यांचं काय? त्यासाठी त्यांनी १७३ वृद्धाश्रम पालथे घातले. कित्येक तर जुन्या 'वर्कहाउस'च्या, म्हणजे गरिबांना ठेवून राबवून घेणाऱ्या इमारतींत भरलेले. 'द लास्ट रेफ्यूज' हे त्याचं पुस्तक १९६२ साली आलं आणि पुढच्याच वर्षी एसेक्स या नव्या विद्यापीठानं त्यांना प्राध्यापक केलं.

पण खरी कसोटी पुढे होती. १९४८पासून इंग्लंडात दवाखाना सर्वांना फुकट. तरीही गरीब लवकर का मरतो, हे शोधायला १९७७ साली सर डग्लस ब्लॅक यांची समिती नेमली गेली. चौघांत टाउनसेंड एक. उत्तर निघालं, ते दवाखान्यात नव्हतंच! पगार, घर, काम, मुलांचं पोषण यांत होतं. निवृत्तीच्या वयाआधी मरण्याची शक्यता अकुशल कामगाराला डॉक्टर-वकिलाच्या अडीच पट.

तोवर सरकार बदललं होतं. १९८० च्या ऑगस्टमध्ये, सुट्टीच्या तोंडावर, अहवालाच्या फक्त २६० चक्रमुद्रित प्रती निघाल्या. वर मंत्रिमहोदयांची प्रस्तावना: शिफारशींचा खर्च वर्षाला दोन अब्ज पौंडांच्या वर, म्हणून अव्यवहार्य. (शाळेतल्या चाचणीच्या प्रश्नपत्रिकाही आम्ही याहून जास्त काढायचो.)

दडपलेलं लोक मुद्दाम वाचतात. १९८२ साली पेंग्विननं तोच अहवाल स्वस्त पुस्तक म्हणून काढला. संपादकांत टाउनसेंड होतेच. १९९८ साली दुसऱ्या समितीनंही पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते, आणि त्याच सुमारास लंडनमध्ये पुन्हा शिकवायला उभे राहिले होते.