पॅसिफिक बोन्साय संग्रहालय

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वॉशिंग्टन राज्यात, फेडरल वे या शहरी असलेले आणि केवळ बोन्साय कलेला वाहिलेले संग्रहालय. सिॲटलच्या दक्षिणेस सु. ३५ किमी., सिॲटल ते टकोमा या महामार्गालगत. शहराची लोकसंख्या १,०१,०३० (२०२०). संग्रहालयाची स्थापना १९८९. मूळ नाव पॅसिफिक रिम बोन्साय कलेक्शन. २०१३-१४ या काळात मूळ मालक वेअरहाउझर कंपनीने हा संग्रह ना-नफा तत्त्वावरील स्वतंत्र संस्थेच्या हवाली केला आणि आजचे नाव रूढ झाले. संग्रहात सु. १५० वृक्ष असून एका वेळी त्यांपैकी सु. ५० ते ६० मांडलेले असतात. जपान, चीन, तैवान, कोरिया, कॅनडा व अमेरिका या देशांशी नाते असलेले वृक्ष येथे एकत्र पाहावयास मिळतात.

परिसर : संग्रहालय वेअरहाउझर या लाकूड-व्यवसायातील कंपनीच्या जुन्या मुख्यालयाच्या आवारात आहे. फ्रेडरिक वेअरहाउझर याने १९०० मध्ये नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेकडून सु. ९ लाख एकर वनजमीन विकत घेऊन टकोमा येथे ही कंपनी सुरू केली. १९७१ मध्ये मुख्यालय फेडरल वे येथे आले. स्किडमोर, ओइंग्ज अँड मेरिल या वास्तुसंस्थेतील एडवर्ड चार्ल्स बॅसेट याने इमारतीचा आराखडा केला व भूदृश्यरचना पीटर वॉकर याच्याकडे होती. दोन चढांच्या मधल्या सखल भागात आडवी पसरलेली ही इमारत मजल्यागणिक मागे सरकत जाते. सज्जांवरून हिरवळ व वेली खाली उतरतात आणि पुढे तळे आहे. आत भिंतींनी न विभागलेली खुली कार्यालये होती. इतक्या मोठ्या प्रमाणावरील अशा रचनेचे हे आरंभीचे उदाहरण होय. अमेरिकन वास्तुविशारद संस्थेचा पंचवीस वर्षे टिकून राहिलेल्या श्रेष्ठ वास्तूंसाठीचा पुरस्कार तिला २००१ मध्ये मिळाला. आवाराचे क्षेत्र ४०० एकरांहून अधिक आहे. शेजारीच ऱ्होडोडेंड्रॉन प्रजातींचे २२ एकरांचे वनस्पतिउद्यान असून हिमालयातून आलेल्या जातीही तेथे आहेत.

इतिहास : वॉशिंग्टनला राज्याचा दर्जा १८८९ मध्ये मिळाला. त्याच्या शताब्दीचे निमित्त साधून आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील देशांशी असलेल्या व्यापारी संबंधांची खूण म्हणून वेअरहाउझर कंपनीने हा संग्रह उभा केला. तो सुरुवातीपासून लोकांसाठी खुला होता. आरंभीच्या दशकांतील अभिरक्षक डेव्हिड डी ग्रूट. बोन्सायच्या रचनातत्त्वांवरील त्याची पुस्तके अभ्यासकांना परिचित आहेत. २०१४ पर्यंत दीर्घकाळ संग्रह एकाच माणसाच्या देखरेखीखाली राहिला, ही गोष्ट येथील वृक्षांच्या सलग घडणीच्या दृष्टीने मोलाची ठरली. बोन्सायची एक फांदी जाड व्हायला कित्येक वर्षे लागतात. अभिरक्षक वारंवार बदलला की फांदीमागचा हेतू हरवतो. डी ग्रूटनंतर ॲरिन पॅकर्ड याने सूत्रे घेतली. त्याआधी तो वॉशिंग्टन डी. सी. येथील राष्ट्रीय बोन्साय व पेंजिंग संग्रहालयात (स्थापना १९७६) होता.

२०१६ मध्ये कंपनीने मुख्यालय सिॲटलच्या जुन्या भागात हलवले व आवार एका स्थावर मालमत्ता कंपनीला विकले. तेथे गोदामे बांधण्याच्या योजना पुढे आल्या आणि रहिवाशांनी त्यांना विरोध केला. त्याआधीच संग्रह स्वतंत्र संस्थेकडे गेला असल्यामुळे तो या विक्रीत ओढला गेला नाही. खासगी कंपन्यांचे कलासंग्रह मालकी बदलताना पुष्कळदा विखुरले जातात. येथे तसे झाले नाही, याचे श्रेय वेळीच केलेल्या या हस्तांतरणाला द्यावे लागेल.

संग्रह व मांडणी : वृक्ष उंच सूचिपर्णी झाडांच्या राईत, उघड्यावर मांडलेले आहेत. वृक्षांमागे साध्या रंगाच्या भिंती आहेत, त्यामुळे बुंध्याचा बाक, फांद्यांमधील मोकळी जागा आणि शेंड्याची रेषा स्पष्ट दिसते. पाइन, ज्युनिपर, मेपल, हॉर्नबीम, एल्म इ. थंड हवेतील जाती अधिक. उष्ण कटिबंधातील जातींसाठी काचगृह बांधण्यात आले. वृक्षाशेजारच्या पाटीवर जातीचे नाव, घडवणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि घडण कोणत्या वर्षापासून सुरू आहे, हे दिलेले असते. पाहणारे बहुधा वय विचारतात. डोंगरातून उचलून आणलेल्या जुन्या ज्युनिपरचे वय मुख्यतः निसर्गाचे असते; घडण सुरू झाल्याचे वर्ष मात्र माणसाचे असते. त्या वर्षापासून आजवर झाडाला कोणी ना कोणी रोज पाणी घातले आहे, ही माहिती वयाच्या आकड्यापेक्षा मोठी आहे.

संग्रहातील जुन्या वृक्षांपैकी डोमोतो ट्रायडेंट मेपल हा विशेष उल्लेखनीय. सॅन फ्रान्सिस्को येथे १९१५ मध्ये भरलेल्या पनामा-पॅसिफिक आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी तो जपानहून आणण्यात आला व पुढे कॅलिफोर्नियातील डोमोतो या रोपवाटिका-व्यावसायिक कुटुंबाकडे राहिला. तळाशी रुंद पसरलेला बुंधा आणि मोठा आकार यांमुळे तो टेबलावरच्या लहान बोन्सायची कल्पना असलेल्यांना चकित करतो.

बदलत्या प्रदर्शनांत पॅकर्डच्या काळात प्रयोगशीलता वाढली. एका प्रदर्शनात परंपरागत लटकत्या गुंडाळीचित्रांऐवजी स्केटबोर्डच्या रंगवलेल्या फळ्या वृक्षांमागे लावल्या होत्या. दुसऱ्यात केवळ उत्तर अमेरिकेतील देशी जाती होत्या. ‘लिव्हिंग आर्ट ऑफ बोन्साय’ या उपक्रमात आधी झाड, मग कुंडी, मग आसन हा नेहमीचा क्रम उलटवून पाहण्यात आला.

स्थानबद्धतेच्या काळातील वृक्ष : संग्रहालयाचे खरे वेगळेपण येथे आहे. ७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश क्र. ९०६६ वर सही केली. त्यानुसार पश्चिम किनाऱ्यावरील सु. १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडायला लावून काटेरी तारांच्या आतील छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांपैकी सु. दोन-तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. सिॲटल परिसरातील लोकांना प्रथम प्यूऑलप येथील जत्रेच्या मैदानावर कोंबण्यात आले. ते मैदान संग्रहालयापासून दूर नाही. तेथून बहुतेकांना आयडाहोतील मिनिडोका छावणीत धाडले गेले. स्थानबद्धांमध्ये माळी, रोपवाटिकावाले व शेतकरी मोठ्या संख्येने होते. हातातले सामान घेऊन निघताना वर्षानुवर्षे वाढवलेली झाडे मागे टाकणे भाग पडले. कोणी ती शेजाऱ्यांवर सोपवली, कोणाची पाण्यावाचून वाळली.

संग्रहातील एक जपानी ब्लॅक पाइन या छावण्यांतच जन्मला. फुरुझावा या स्थानबद्धाने तो पत्र्याच्या डब्यात बी लावून रुजवला. बी लावणाऱ्याला आपण कधी सुटणार हे ठाऊक नव्हते, आणि पाइनला बोन्सायचे रूप यायला दशके लागतात. अन्यायाच्या काळात दाखवलेल्या या धीराची नोंद कोणत्याही स्मारकापेक्षा हा वृक्ष अधिक नेमकी करतो. छावण्या मिटल्यावर परतलेल्या अनेकांनी बागकामाचाच आधार घेतला. त्यांच्याकडून ही कला पश्चिम किनाऱ्यावरील इतर अमेरिकनांपर्यंत पोचली. सरकारने रीतसर माफी मागून हयात स्थानबद्धांना प्रत्येकी २०,००० डॉलर भरपाई देण्याचा कायदा केला तो १९८८ मध्ये, म्हणजे हा संग्रह खुला होण्याच्या आदल्या वर्षी.

हा इतिहास ‘वर्ल्ड वॉर बोन्साय’ या प्रदर्शनाने २०२० मध्ये एकत्र मांडला. युद्धापूर्वीचे, युद्धकाळातील व नंतरचे बोन्सायजीवन वृक्षांच्या आधारे दाखवले होते. सिॲटलच्या चित्रकर्त्री एरिन शिगाकी यांनी त्यासाठी भव्य चित्रे केली.

२०२० ची चोरी : ९ फेब्रुवारी २०२० रोजी पहाटेच्या सुमारास दोन वृक्ष चोरीस गेले : वर उल्लेखिलेला ब्लॅक पाइन आणि कियोको हातानाका यांनी १९४६ पासून घडवलेला सिल्व्हरबेरी. बोन्साय घडवणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांत हातानाका यांची गणना होते. अशा वृक्षांना जाणकाराची रोजची निगा लागते, ती चुकली तर ते मरतात, असे जाहीर आवाहन संग्रहालयाने केले. दोन दिवसांनी दोन्ही वृक्ष संग्रहालयाकडे येणाऱ्या रस्त्यावर ठेवलेले सापडले. सिल्व्हरबेरीच्या काही फांद्या मोडल्या होत्या; पाइन सुखरूप होता.

निगा : हवामान सागरी व सौम्य. सिॲटल येथे वार्षिक पर्जन्य सु. ९५ सेंमी. असून तो मुख्यतः हिवाळ्यात पडतो. जुलै-ऑगस्ट कोरडे जातात, तेव्हा उथळ कुंड्यांना रोज, कडक उन्हात दिवसातून एकाहून अधिक वेळा पाणी द्यावे लागते. जमिनीतील मुळांपेक्षा कुंडीतील मुळे लवकर गोठतात, म्हणून थंडीत आडोसा लागतो. तरीही समशीतोष्ण जातींना थंडीतील विश्रांती आवश्यक असल्याने त्या घरात ठेवता येत नाहीत. पानझडी वृक्षांची मुळे छाटून कुंडी साधारण दोन वर्षांनी, जुन्या सूचिपर्णींची चार-पाच वर्षांनी बदलतात. ब्लॅक पाइनचे नवे कोंब उन्हाळ्याच्या आरंभी खुडले की दुसऱ्या फुटव्याच्या सुया आखूड राहतात. फांद्यांना वळण देण्यासाठी तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार गुंडाळतात व ती सालीत रुतण्याआधी कापून काढतात. यांपैकी कोणतेही काम एकदा करून संपत नाही.

अर्थव्यवहार : देणग्या, सदस्यत्व व स्वयंसेवक यांवर संस्था चालते. मे महिन्यात बोन्साय उत्सव भरतो.

प्रवेश : प्रवेशशुल्क नाही, ऐच्छिक देणगी स्वीकारतात. मंगळवार ते रविवार, सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात संग्रहालय खुले असते. पानझडी वृक्षांची फांदरचना पाहायची तर हिवाळा व मेपलचे रंग पाहायचे तर ऑक्टोबर योग्य. वर उल्लेखिलेले वॉशिंग्टन डी. सी. येथील राष्ट्रीय संग्रहालय जपानने मैत्रीखातर दिलेल्या वृक्षांपासून सुरू झाले. जपानी वंशाच्या अमेरिकन लोकांनी स्वतः जगवलेल्या वृक्षांचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर अभ्यासकाने प्रथम फेडरल वे येथे जावे.